एका पौंडाचा क्लब

एक पौंड म्हणजे आजच्या भावाने शंभर-सव्वाशे रुपये. पुण्या-मुंबईतल्या बऱ्यापैकी हॉटेलात तेवढ्यात एका माणसाचा मसाला डोसा आणि कॉफी होईल, फार झाले तर. एवढ्याच रकमेला २०११ च्या मे महिन्यात ग्लासगो शहरातला रेंजर्स हा फुटबॉल क्लब विकला गेला. १८७२ साली स्थापन झालेला, स्कॉटलंडची लीग पन्नासहून अधिक वेळा जिंकलेला, पन्नास हजार माणसे मावतील असे मैदान असलेला क्लब. सात वर्षांनी, २०१८ च्या डिसेंबरात, मँचेस्टरजवळच्या बेरी गावचा क्लब असाच एका पौंडाला गेला. त्याच्याही आधी, १९८२ साली, लंडनचा चेल्सी एका पौंडाला विकला गेला होता. तोच चेल्सी २०२२ साली अडीच अब्ज पौंडांना विकला गेला, ही गोष्ट वेगळी.

आपल्या क्रिकेटवेड्या घरांत रविवारी सकाळी फुटबॉलच्या हिशेबवह्या कशाला, असे कोणी विचारील. पण हल्ली रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून इंग्लंडातले सामने पाहणारी मुले आणि नातवंडे आपल्या घराघरांत आहेत. लिव्हरपूल हरले की आमच्या इमारतीतला एक मुलगा धड जेवत नाही. त्याने लिव्हरपूल शहर पाहिलेले नाही, आणि बहुधा पाहणारही नाही. त्या मुलाचे न जेवणे ही फुटबॉलच्या धंद्यातली सर्वांत मोठी मालमत्ता आहे. ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, पण तिच्यावर कर्ज मात्र काढता येते. ते कसे काढतात, आणि मग काय होते, हा आजचा विषय.

मी तीस वर्षे बँकेत काढली. नाममात्र किमतीचा व्यवहार टेबलावर आला की आमच्याकडे पहिला प्रश्न हा असे : देणी कोणाच्या डोक्यावर जाणार? एक रुपयाला कोणी कारखाना देत असेल तर तो कारखाना फुकट मिळतो असे नव्हे. कारखान्याबरोबर त्याची थकलेली बिले, कामगारांचे पगार, कोर्टातले दावे आणि बँकेचा बोजा हे सगळे गाठोडे मिळते. तेव्हा विकत घेणाऱ्याच्या खिशात एक रुपया आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. ते गाठोडे पेलण्याइतका पैसा त्याच्यापाशी आहे का, आणि तो कुठून आला, हे पाहायचे असते. इतकी साधी गोष्ट. शाखेत नव्याने लागलेल्या अधिकाऱ्यालाही ती पहिल्या महिन्यात कळते. फुटबॉलच्या दुनियेत मात्र ती विचारायला कोणी तयार नव्हते.

हे क्लब मुळात धंदा म्हणून निघालेले नव्हते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या गिरणी कामगारांना शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी मिळू लागली, आणि चर्चच्या मंडळांनी, गिरण्यांनी, गल्लीतल्या पोरांनी संघ काढले. बेरीचा क्लब १८८५ साली दोन चर्चच्या संघांच्या एकीतून निघाला. प्रेक्षक वाढले, मैदानाला कुंपण आणि बाके लागली, कर्जे काढावी लागली, तेव्हा क्लबांच्या मर्यादित कंपन्या झाल्या. फुटबॉल असोसिएशनने त्या काळी एक शहाणा नियम केला. भागधारकांना लाभांश द्यायचा तो अगदी माफक, सुरुवातीला पाच टक्क्यांपर्यंतच. संचालकांनी मानधन घ्यायचे नाही. आणि क्लब मोडीत निघालाच, तर उरलेली मालमत्ता आपसांत वाटून न घेता दुसऱ्या क्रीडासंस्थांना किंवा धर्मादाय कामाला द्यायची. आपल्याकडच्या देवस्थानाच्या विश्वस्तांसारखीच ही कल्पना होती.

हा नियम कागदावर राहिला, पण १९८३ साली टॉटनहॅमने त्याला बगल दिली. क्लबच्या वर त्यांनी एक धारक कंपनी उभी केली आणि तिचे शेअर लंडनच्या शेअर बाजारात आणले. नियम क्लबला लागू, वरच्या कंपनीला नाही! पुढे बाकीचे त्याच वाटेने गेले. २००५ साली अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला, त्यातला बराच पैसा कर्जाचा होता, आणि त्या कर्जातला मोठा भाग क्लबच्याच मालमत्तेवर चढवला गेला. म्हणजे ज्याला विकत घ्यायचे त्याच्याच नावावर कर्ज. हे सगळे कायदेशीर होते, हे मुद्दाम सांगतो.

आता रेंजर्सची गोष्ट. ती समजायला कोकणातल्या आंब्याच्या बागा मदतीला येतात.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाखेत मी काही वर्षे होतो. तिथे बागा मोहोरावर विकण्याची रीत आहे. झाडावर मोहोर दिसला की व्यापारी येतो, अंदाजाने रक्कम ठरवतो, मालकाच्या हातावर पैसे ठेवतो, आणि पुढे जे पीक येईल ते त्याचे. अडचणीतला बागाईतदार कधी कधी दोन-तीन वर्षांचे पीक एकदम देऊन टाकतो. घरात लग्न असते, आजारपण असते. यात लबाडी काही नाही. पैशाची गरज आज आहे आणि आंबे पुढच्या वर्षी लागणार आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

पण समजा एक गृहस्थ असा निघाला, की ज्याची बागच नाही. तो दलालाकडे जातो आणि म्हणतो, अमुक बाग मी विकत घेतो आहे, तिचे पुढल्या तीन-चार वर्षांचे आंबे तुम्हाला विकतो, पैसे आत्ता द्या. त्या पैशांतून तो बागेवरचे बँकेचे कर्ज फेडतो आणि बाग आपल्या नावावर करून घेतो. पदरचे जवळजवळ काही घातलेले नाही. बाग आपल्याच आंब्यांच्या पैशाने विकली गेली, आणि आता पुढची काही वर्षे झाडे राखायला, खत घालायला, राखणदाराचा पगार द्यायला आंब्याचे उत्पन्नच येणार नाही.

रेंजर्सचे हेच झाले. १९८८ सालापासून तो क्लब डेव्हिड मरे या उद्योगपतीकडे होता. लॉइड्स बँकेचे सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांचे कर्ज होते. शिवाय खेळाडूंना पगाराऐवजी न्यासामार्फत 'कर्ज' म्हणून पैसे देण्याची एक योजना क्लबने अनेक वर्षे राबवली होती, तिच्यावर करखात्याने दावा लावला होता. तो दावा उलटला तर कोट्यवधी पौंडांचे देणे अंगावर येणार होते. म्हणून किंमत एक पौंड. क्रेग व्हाइट नावाच्या व्यावसायिकाने तो पौंड दिला आणि बँकेचे कर्ज फेडण्याची हमी घेतली. कर्ज फिटले. पैसा कुठून आला? टिकेटस नावाच्या कंपनीला रेंजर्सच्या पुढच्या काही हंगामांचे पास आगाऊ विकून. दोन कोटी पौंडांहून मोठी रक्कम होती ती.

हे पास कोण विकत घेणार होते? गोदीतून निवृत्त झालेले म्हातारे, बसचालक, नातवाला खांद्यावर बसवून मैदानात नेणारे आजोबा. त्यांनी पुढच्या वर्षी पास घ्यायचे ठरवलेही नव्हते. पण घेणार हे सगळ्यांना ठाऊक होते. शाखेत मी सोने तारण घेतले, जमीन तारण घेतली, साखरेची पोती तारण घेतली, पण एखाद्या माणसाची सवय तारण घेतल्याचे मला आठवत नाही. फुटबॉलमध्ये तेवढेच खरे तारण असते. किराण्याचे दुकान वाईट झाले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. क्लब वाईट झाला म्हणून रेंजर्सचा माणूस सेल्टिकच्या मैदानात जात नाही. त्यापेक्षा तो घर बदलील. धंद्याच्या भाषेत हे असे गिऱ्हाईक आहे, की ज्याला कितीही नाडले तरी ते दुकान सोडत नाही. अशा गिऱ्हाइकाच्या जिवावर काय काय करता येईल, हे ज्याला कळले त्याला क्लबची किंमत कळली.

व्हाइट यांच्या हाती क्लब आल्यावर पगारातून कापलेला कर आणि व्हॅट सरकारात भरला जाईना. सुमारे नव्वद लाख पौंड थकले. आपल्याकडे कामगारांच्या पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापायचा आणि तो भरायचा नाही, तसलाच हा प्रकार. १४ फेब्रुवारी २०१२ रोजी क्लबवर प्रशासक आले. जूनमध्ये करखात्याने तडजोड नाकारली, कंपनी मोडीत निघाली, आणि मैदानासह सारी मालमत्ता ५५ लाख पौंडांना दुसऱ्या एका गटाने घेतली. नव्या कंपनीच्या संघाला स्कॉटलंडच्या सर्वांत खालच्या, चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. आणि तरीही त्या ऑगस्टात ईस्ट स्टर्लिंगशर या चिमुकल्या क्लबविरुद्धच्या सामन्याला ४९ हजारांहून अधिक माणसे आली. चौथ्या श्रेणीच्या सामन्याला! या आकड्याचे मला कौतुक वाटते आणि भीतीही वाटते. पुढे कोणी हा क्लब विकत घ्यायला येईल तेव्हा तो याच आकड्याकडे बोट दाखवील.

व्हाइट यांच्यावर फसवणुकीचा खटला झाला आणि २०१७ च्या जूनमध्ये ग्लासगोच्या ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. त्यांचे वकील डोनाल्ड फिंडले हे एके काळचे रेंजर्सचेच उपाध्यक्ष, हा योगायोग कादंबरीत घातला असता तर संपादकाने कापला असता. बचावाचा रोख असा होता, की पैसा कुठून येतो याची विकणाऱ्यांना फिकीर नव्हती. निर्दोष म्हणजे निर्दोष. तिथे वाद नाही. पण दिवाणी कोर्टाने २०१३ साली टिकेटसला त्यांच्याकडून १ कोटी ७७ लाख पौंड देववले होते, आणि २०१४ साली त्यांना पंधरा वर्षे कोणत्याही कंपनीचे संचालक होण्यास बंदी झाली. याआधी २००० सालीही त्यांच्यावर सात वर्षांची अशी बंदी आलेली होती. क्लब घेताना ती उघड केली गेली नव्हती. कंपनी-नोंदणीच्या कार्यालयात एक फेरी मारली असती तर हे कळण्यासारखे होते. आणि बँक? तिचे येणे वसूल झाले, खाते बंद झाले. मी बँकवाला असल्याने सांगतो, थकीत खाते बंद होण्याचा आनंद असा असतो, की फेडणाऱ्याचा पैसा कोणत्या विहिरीतला आहे हे विचारायला जीभ उचलत नाही.

रेंजर्स मोठा होता म्हणून तरला. २०१६ साली तो वरच्या श्रेणीत परतला आणि २०२१ साली एकही सामना न हरता अजिंक्य ठरला. बेरीला ते साधले नाही.

इंग्रजी अक्षरे वाचून आपण त्याला 'बरी' म्हणू, तिथले लोक 'बेरी' म्हणतात. लँकेशरमधले जुने कापडगाव. ज्या जॉन केने १७३३ साली उडता धोटा काढला आणि हातमागाचे जग बदलून टाकले, तो या परिसरातला. इंग्लंडचा पंतप्रधान रॉबर्ट पील इथेच जन्मला. आणि गावाला तिसरा अभिमान फुटबॉल क्लबाचा. १९०० आणि १९०३ साली बेरीने एफए कप जिंकला. १९०३ च्या अंतिम सामन्यात त्यांनी डर्बी काउंटीला ६-० असे हरवले. अंतिम सामन्यातला तो सर्वांत मोठा विजय ११६ वर्षे कोणाला गाठता आला नाही. २०१९ साली मँचेस्टर सिटीने त्याची बरोबरी केली. त्याच वर्षी बेरी संपला.

२०१३ साली स्टुअर्ट डे हे बांधकाम-व्यावसायिक बेरीचे मालक झाले. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे बांधणारी त्यांची कंपनी होती. गावाच्या मानाने न झेपणारे पगार देऊन खेळाडू आणले गेले. दरसाल तोटा, आणि तोट्याची खिंडार मालकाच्या इतर कंपन्यांतून उसने आणलेल्या पैशाने बुजवलेली. हा प्रकार मी लहान गावांतल्या पेढ्यांत पुष्कळ पाहिला आहे. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालतात, आणि दोन्ही खिसे भरलेले दिसतात. गिग लेन हे मैदान १८८५ पासून क्लबाचे घर. ते महागड्या कर्जापोटी गहाण पडले. एवढ्याने भागेना तेव्हा मैदानालगतच्या वाहनतळातल्या जागा गुंतवणूक म्हणून विकायला काढल्या. एक मोटार उभी राहील एवढी जागा सुमारे दहा हजार पौंडांना, आणि वर ठराविक परताव्याचे आश्वासन! महिन्यातून दोनदा सामना असणाऱ्या मैदानाशेजारी मोटार उभी करायला कोण एवढे भाडे देणार, हा हिशेब गुंतवणूकदारांनी कागदाच्या मागच्या बाजूला करून पाहिला असता तरी पुरले असते. पण आश्वासित परतावा हा शब्द आला की हिशेब करणारा माणूस मूर्ख ठरतो. आपल्याकडे सागवानाची झाडे आणि शेळ्यांची पिल्ले अशाच परताव्यावर विकली गेली होती, हे पन्नाशी उलटलेल्या वाचकांना आठवेल.

डे यांची बांधकाम कंपनी डबघाईला आली आणि २०१८ च्या डिसेंबरात क्लब एका पौंडाला स्टीव्ह डेल यांच्याकडे गेला. डेल यांचा व्यवसाय अडचणीतल्या कंपन्या घेण्याचा, आणि त्यांचे नाव जोडले गेलेल्या कंपन्यांपैकी अनेक मोडीत निघाल्या होत्या. पुढे रेडिओवर त्यांनी स्वतःच सांगितले, की बेरी नावाचा फुटबॉल क्लब आहे हेसुद्धा आपल्याला माहीत नव्हते. क्लब चालवण्याइतके पैसे आपल्यापाशी आहेत याचा समाधानकारक पुरावा त्यांनी लीगला दिला नव्हता. पण लीगच्या त्या वेळच्या नियमांत असा पुरावा व्यवहाराआधीच घेतला पाहिजे, अशी सक्तीच नव्हती. व्यवहार झाला आणि मग कागद मागितले गेले. कर्ज वाटून झाल्यावर कर्जदाराचा सात-बारा मागवावा, असा हा कारभार.

आणि या साऱ्यात खेळाडू काय करत होते? ते जिंकत होते. २०१९ च्या वसंतात, पगार आठवडेच्या आठवडे थकलेले असताना, बेरीने वरच्या श्रेणीत बढती मिळवली.

त्या जुलैमध्ये घेणेकऱ्यांशी तडजोड मंजूर झाली. इथे फुटबॉलमधला एक विलक्षण नियम समजून घ्यायला हवा. एखादी कंपनी बुडाली की तिच्या घेणेकऱ्यांची पंगत बसते. आधी तारण असलेले, मग कायद्याने ज्यांना अग्रक्रम आहे ते, आणि सर्वांत शेवटी साधे व्यापारी. शेवटच्या पानावर बहुधा मीठ-लिंबूच पडते. फुटबॉलमध्ये मात्र लीगचा नियम असा, की क्लबाला लीगमध्ये राहायचे असेल तर फुटबॉलच्या घेणेकऱ्यांचे, म्हणजे खेळाडूंचे आणि इतर क्लबांचे देणे पै-पैसा चुकते करावे लागते. बाकीच्यांनी जे उरेल ते घ्यावे. बेरीच्या तडजोडीत खेळाडूंना पूर्ण रक्कम आणि करखात्यासह बाकीच्यांना पौंडामागे पंचवीस पेन्स ठरले. २०१० साली पोर्टस्मथ क्लब बुडाला तेव्हा घेणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही स्वयंसेवी संस्था होती. सामन्याच्या वेळी स्ट्रेचर घेऊन उभे राहणाऱ्या माणसांची संस्था! आणि त्याच यादीतल्या लक्षाधीश खेळाडूंचे पैसे आधी सुरक्षित. इंग्लंडच्या करखात्याने या नियमाला कोर्टात आव्हान दिले. २०१२ साली ते हरले.

या नियमाच्या बाजूनेही बोलता येते. क्लब एकमेकांना खेळाडू उधारीवर विकतात. एकाने बुडवले तर दुसराही बुडेल. पण त्याचा परिणाम असा, की आत बसलेल्यांना जोखीमच नाही. बिघडलेला कारभार दिसत असूनही दुसरा क्लब त्याला उधार देतो, कारण आपले पैसे येणार याची त्याला खात्री आहे. जोखीम सगळी बेकरीवाल्याची, छपाईवाल्याची, मैदानाचे गवत कापणाऱ्या कंत्राटदाराची. आणि हे लोक त्याच गावचे, बहुधा त्याच क्लबाचे चाहते. म्हणजे तिकिटाचे पैसे त्यांनी दिले आणि बुडीत बिलाचा भारही त्यांनीच सोसला.

ऑगस्ट २०१९. नवा हंगाम सुरू झाला तरी बेरीचे सामने लीगने थांबवून ठेवलेले. मालकाने पैशाची खात्री पटवावी किंवा क्लब विकावा, अशी मुदतीवर मुदत. शेवटची मुदत मंगळवार, २७ ऑगस्ट, संध्याकाळी पाच. एक खरेदीदार कंपनी बोलणी करत होती. सामना होणार अशी आशा होती, म्हणून मैदान साफ करायला या असे आवाहन झाले, आणि त्या दिवशी शेकडो माणसे झाडू, बादल्या, फडकी घेऊन गिग लेनला आली. बाके पुसली, पायऱ्या धुतल्या, गवत उपटले. मालक कोणीही असो, घर आपले, या भावनेने. दुपारी बातमी आली की खरेदीदाराने अंग काढून घेतले. रात्री उशिरा लीगने जाहीर केले, की बेरीचे सभासदत्व रद्द. १८९४ पासून असलेले, १२५ वर्षांचे. शेजारच्या बोल्टनवरही त्याच दिवशी तीच तलवार होती. त्यांना थोडी मुदत मिळाली, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक मिळाले, ते वाचले.

ती पुसलेली बाके तशीच रिकामी राहिली.

या दोन्ही कहाण्यांत चोर पकडला आणि गोष्ट संपली, असे होत नाही. रेंजर्सच्या खटल्यात तर ज्यूरीने कोणाला चोर म्हटलेच नाही. व्यवहार बहुतेक कागदोपत्री होते. गहाणखते नोंदलेली होती, करारांवर सह्या होत्या. नासले होते ते वेगळेच : जे मालकाचे नव्हते ते मालकाच्या सहीने गहाण पडत होते. चाहत्याची पुढच्या दहा वर्षांची हजेरी ही त्याची स्वतःची असते. कंपनी कायद्यात मात्र ती भागधारकाची धरली जाते. अगदी वैध मार्गानेही हे चालते. बार्सिलोना हा तर सभासदांच्या मालकीचा क्लब, पण तिजोरी रिकामी झाल्यावर २०२२ साली त्याने आपल्या स्पेनमधल्या लीग सामन्यांच्या दूरचित्रवाणी-उत्पन्नाचा चौथा हिस्सा पंचवीस वर्षांसाठी विकून टाकला. आज शाळेत जाणारी मुले चाळिशीकडे झुकतील तेव्हा तो हिस्सा मोकळा होईल. जर्मनीत १९९८ पासून निदान एवढा नियम आहे, की क्लबाच्या कंपनीत मतांचा पन्नास टक्के अधिक एक हा वाटा सभासदांच्या संस्थेकडेच राहावा. त्याला अपवाद आहेत, पण एक पौंड देऊन कोणी रातोरात धनी होत नाही.

यात आपले पुणे कुठे, असे विचाराल तर तेही आहे. बेरीहून फारसा लांब नसलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २०१० च्या नोव्हेंबरात पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे वेंकीजने, २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. इथली गोष्ट उलटी आहे. वर्षानुवर्षांचा तोटा मालकांनी पदरचे पैसे घालून भरला. पण अनुभवी प्रशिक्षकाला महिन्याभरात काढले, २०१२ साली क्लब प्रीमियर लीगमधून घसरला, २०१७ साली आणखी खाली गेला, मग वर्षभरात एक पायरी वर चढला. २०१२ मध्ये रागावलेल्या प्रेक्षकांनी क्लबाचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. पुण्यात त्याचे हसू झाले. पण पैसे घालूनही लोकांचा राग का येतो, हे कळायला ती कोंबडी उपयोगी आहे. आपल्याला न विचारता आपल्या घराचा कारभार कोणी लांबून चालवतो, याचा तो राग होता.

आणि आपल्याकडे? मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ, २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकलेला, २०१० साली कंपनीने बंद केला. त्यात गैरव्यवहाराचा काडीचाही संबंध नव्हता. कंपनीचा संघ, कंपनीचा निर्णय. कूपरेजच्या बाकांवर वर्षानुवर्षे बसणाऱ्यांना विचारण्याचा प्रश्नच आला नाही, कारण तसे विचारायचे असते ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही.

बेरीच्या लोकांनी ती कल्पना सोडली नाही. क्लब गेल्यावर काही महिन्यांतच काही चाहत्यांनी बेरी एएफसी या नावाने नवा संघ काढला आणि शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर, अगदी तळच्या लीगमध्ये, खेळायला सुरुवात केली. दुसरा गट गिग लेन सोडवण्याच्या मागे होता. २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारच्या सामुदायिक मालकी निधीतून मिळालेले दहा लाख पौंड आणि एका देणगीदाराची मदत यांच्या जोरावर त्यांनी मैदान विकत घेतले. मग व्हायचे तेच झाले. दोन गटांचे पटेना. एकत्र येण्याचा पहिला ठराव पुरेशा मतांअभावी पडला. कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेला बसलेल्या माणसाला हे नवल वाटायचे नाही. २०२३ साली पुन्हा मतदान झाले, ठराव संमत झाला, आणि त्या हंगामापासून बेरी फुटबॉल क्लब याच नावाचा संघ गिग लेनवर पुन्हा उतरला. चाहत्यांची संस्था, प्रत्येक सभासदाला एक मत. २०२५ च्या वसंतात त्यांनी आपली लीग जिंकली आणि इंग्लिश फुटबॉलच्या आठव्या पातळीवर बढती मिळवली.

बेरीच्या धक्क्याने आणि त्यापाठोपाठच्या इतर प्रकरणांनी ब्रिटिश संसदही हलली. ट्रेसी क्राउच या खासदारबाईंनी चाहत्यांना बरोबर घेऊन केलेला अहवाल २०२१ च्या नोव्हेंबरात आला, आणि २१ जुलै २०२५ रोजी फुटबॉल कारभाराच्या कायद्यावर राजाची संमती उमटली. आता इंग्लंडात एक स्वतंत्र नियामक आहे. क्लब घ्यायला येणाऱ्याचा पैसा कुठून आला, हे तो आधी विचारणार. मैदान विकायचे किंवा गहाण ठेवायचे तर त्याची परवानगी लागणार. शाखेतला पहिल्या महिन्याचा धडा कायद्याच्या पुस्तकात यायला एवढी वर्षे लागली.

हा कायदा इंग्लिश पुरुष फुटबॉलच्या वरच्या पाच पातळ्यांना लागू आहे. संमतीच्या दिवशी बेरी आठव्या पातळीवर होता. त्याच्या कक्षेत यायला त्याला आणखी तीन बढत्या हव्या होत्या.